चोर सोडून संन्याशाला फाशी : कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा इतिहास आणि थकलेली इंजिने



गेल्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाची चर्चा अर्ध्यावर सोडली होती. माती, चाक, दंड आणि कुंभार अशी न्यायशास्त्रातली नेहमीची मंडळी त्यात होती. त्यानंतर कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका श्रोत्याचे पत्र आम्हाला आले. पत्राचा सूर असा, की सर, तुमचा कुंभार घटकाभर बाजूला राहू द्या, आमच्या गाडीचं कारण सांगा.

गाडी म्हणजे दोन आसनांची स्पोर्ट्स कार, हौसेने जुनी घेतलेली. धाव १ लाख ३० हजार मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन लाख किलोमीटरच्या वर. एक दिवस समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने कॉम्प्युटर लावला आणि सांगितले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. बराच खर्च करून नवा बसवला. वर्ष पुरे व्हायच्या आत तोही गेला. आता गाडीत दम राहिला नाही, आणि ऑइलही कमी होत असते. एक मित्र म्हणतो, हा डबाच सगळ्या रोगांचे मूळ आहे, आतून फोडून रिकामा कर. दुसरा म्हणतो, इंजिनच गेले, गाडी भंगारात काढ. श्रोता विचारतो, कन्व्हर्टरने इंजिन मारलं, की इंजिनाने कन्व्हर्टर मारला?

आम्ही मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले आणि स्कूटरपलीकडे काही उघडून पाहिले नाही. पण हा प्रश्न आमच्या प्रांतातला आहे, बरं का. शिवाय या कन्व्हर्टरच्या इतिहासात चुकीच्या आरोपीला पकडण्याचा प्रकार एकदा नाही, वारंवार घडला आहे. म्हणून आज तो इतिहासच पाहू.

आधी नावाचा अर्थ. कॅटॅलिस्ट म्हणजे आपण शाळेत शिकलो तो उत्प्रेरक. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८३५ मध्ये या कल्पनेला हे नाव दिले. त्याआधी १८२३ मध्ये जर्मनीत डोबेराइनरला दिसले होते, की प्लॅटिनमच्या भुकटीवर हायड्रोजनचा झोत सोडला तर काडी न लावताही तो पेट घेतो. प्लॅटिनम मात्र आहे तसेच राहते. घटना घडवून आणायची आणि स्वतः त्यात खर्ची पडायचे नाही, असा हा संन्यासी. आपल्या परिभाषेत मातीसारखे समवायी कारण नव्हे, तर दंडचक्रासारखे निमित्त कारण. हा मुद्दा लक्षात ठेवा. जो स्वतः खर्ची पडत नाही तो आपणहून संपत नाही. तो संपला असेल, तर बहुधा कोणी तरी त्याला संपवलेले असते.

आता १९४३ च्या जुलैत, लॉस एंजेलिसला जाऊ. युद्धाचे दिवस. एके दिवशी शहरावर असे धुरकट आवरण उतरले की लोकांचे डोळे चुरचुरले, समोरच्या इमारती दिसेनात. संशय गेला गावातल्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन तयार होत असे. वास येत होता, धूर दिसत होता, आणखी पुरावा कशाला हवा? कारखाना काही काळ बंद करून पाहिला. धुरके हटले नाही. कारण काढून घेतले तरी कार्य कायम राहिले, तर ते कारण नव्हेच. यालाच आपण व्यतिरेक म्हणतो. त्या शहराने व्यतिरेकाचा प्रयोग भर रस्त्यात केला, म्हणा ना.

खरा आरोपी सापडायला आणखी काही वर्षे लागली. कॅलटेकमधले आरी हागेन-स्मित मूळचे डच, आणि त्यांचा अभ्यासविषय काय, तर अननसाचा स्वाद कोणत्या द्रव्यांमुळे येतो हा. त्यांनी तेच कसब शहराच्या हवेवर चालवले. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले, की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी अर्धवट जळलेली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, आणि डोळे चुरचुरतात ते या रसायनामुळे. म्हणजे दोषी कोण? रोज सकाळी गाडी काढणारा प्रत्येक सभ्य नागरिक. हे कोणाला आवडणार?

याच सुमारास रंगमंचावर आले युजीन हुद्री. हे फ्रेंच अभियंते. आजच्या विषयाशी त्यांचे नाते मजेशीर आहे. या गृहस्थांना मोटार शर्यतींचे वेड होते, आणि चांगल्या पेट्रोलचा ध्यास त्यांना त्या वेडातूनच लागला. जड खनिज तेलापासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने उत्तम पेट्रोल काढण्याची पद्धत त्यांनी उभी केली. ते अमेरिकेत गेले, तिथे १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्या पद्धतीचा मोठा कारखाना सुरू झाला आणि युद्धात विमानांना त्या पेट्रोलचा उपयोग झाला. पुढे लॉस एंजेलिसच्या धुरक्याविषयी वाचून त्यांनी मोटारीच्या धुरासाठी उत्प्रेरकाचा डबा तयार केला. १९५६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे ज्या डब्याला आज स्पोर्ट्स कारवाले शिव्या देतात, त्याचा जनक शर्यतीचाच शौकीन होता.

पण हा डबा गाड्यांत बसू शकला नाही. कारण शिसे. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी शोधून काढले होते, की टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये थेंबभर मिसळले की इंजिनाचा खडखडाट थांबतो. तेव्हापासून जगभर पेट्रोलमध्ये शिसे होते. ते उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसते आणि त्याला निकामी करते. रसायनशास्त्रात यासाठी शब्दच आहे, विषबाधा. हुद्रींचे कन्व्हर्टर गोदामातल्या फोर्कलिफ्टसारख्या मर्यादित जागी वापरले गेले. १९६२ मध्ये ते वारले. त्यांचा डबा रस्त्यावरच्या गाड्यांत गेलेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

मग १९७० मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन्स १९७५ च्या गाड्यांपर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, असा हुकूम निघाला. कंपन्यांनी आरडाओरडा केला. पण कॉर्निंगच्या बॅगली, लॅकमन आणि लुईस यांनी कॉर्डिएराइट नावाच्या मातीचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बारीक छिद्रांचा ठोकळा तयार केला. पाहा, कुंभार पुन्हा आलाच! त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम यांचा अतिपातळ थर. १९७५ च्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत हा डबा आला, आणि त्याच्यासाठी पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे भाग पडले. याचा एक परिणाम नीट ऐका. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातले शिशाचे सरासरी प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी घटले. यंत्राचे विष काढायला गेलो आणि मुलांच्या रक्तातले विष कमी झाले.

आपल्याकडे हा डबा यायला १९९५ साल उजाडले. त्या वर्षी एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. देशभर पेट्रोलमधून शिसे गेले ते २००० मध्ये. पुण्याची गाडी तेव्हा मुंबईहून पेट्रोल भरून निघे आणि परतताना काय भरायचं, याची चर्चा व्हायची, हे आमच्या पिढीला आठवत असेल.

आता स्पोर्ट्स कारकडे वळू. इथे दुसऱ्यांदा चुकीचा आरोपी पकडला गेला. शेव्हरोले कॉर्व्हेट ही अमेरिकेची लाडकी स्पोर्ट्स कार. १९७० मध्ये तिच्या साध्या इंजिनाची ताकद ३०० अश्वशक्ती सांगितली जाई. १९७५ मध्ये, कन्व्हर्टर आला त्या वर्षी, ती १६५ झाली. झालं, सगळ्यांनी निकाल दिला की डब्याने गाडी मारली. पण मधल्या वर्षांचे आकडे पाहा. १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून कॉम्प्रेशन उतरवले गेले आणि आकडा २७० वर आला. १९७२ मध्ये मोजण्याची पद्धतच बदलली. आधी नुसते इंजिन टेबलावर ठेवून ताकद मोजत, आता पंखा, सायलेन्सर सगळे जोडून मोजू लागले, तेव्हा आकडा २०० झाला. १९७४ मध्ये १९५. म्हणजे १३५ च्या घसरणीतली १०५ डबा येण्याआधीच झालेली होती. उरली ३०. त्यातही दोन्ही बाजूंचा धूर एकाच डब्यातून कोंबून न्यायची मांडणी दोषी होती. आणि पुढच्याच वर्षी, डबा तिथेच असताना, आकडा १८० वर गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, तसे हे झाले. न्यायाच्या भाषेत काकतालीय.

पुढे १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा बॉशचा सेन्सर गाडीत बसवला. याची गरज अशी. तीनही दूषके एकदम नष्ट करणारा उत्प्रेरक तेव्हाच काम करतो, जेव्हा एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण काटेकोर राखले जाते. ते काम कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे. सेन्सर सांगणार, कॉम्प्युटर ऐकणार आणि इंजेक्टर तेवढेच पेट्रोल सोडणार. आजच्या वेगवान गाड्यांची अचूक इंजिने या संन्याशाच्या पथ्यापाण्यातून घडली, असं म्हटलं तरी चालेल.

आता मूळ प्रश्न. जास्त धावलेल्या गाडीत हा डबा मरतो कसा? मार्ग मुख्यतः तीन.

पहिला, मिसफायर. आपले मेकॅनिक म्हणतात, गाडी मिसिंग मारते. प्लग झिजला, इग्निशन कॉइल दमली, की सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही. न जळलेले पेट्रोल आणि सगळा ऑक्सिजन तसाच कन्व्हर्टरमध्ये जातो आणि तिथे जळतो. जो डबा एरवी ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला काम करतो, त्याचे तापमान हजाराच्या पार जाते. आधी मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून निरुपयोगी होतात. आणखी वाढले, साधारण १४०० च्या पुढे, की तो मातीचा ठोकळाच वितळू लागतो. म्हणून अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत असा घातक मिसफायर झाला की इंजिनाचा दिवा नुसता लागत नाही, तो लुकलुकतो. लुकलुकणारा दिवा म्हणजे, बाबा रे, पाय काढ, थांब.

दुसरा, ऑइल. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन ऑइल खाते. ऑइलमध्ये झीज थांबवण्यासाठी घातलेले फॉस्फरस आणि जस्त असते. ते जळून उत्प्रेरकावर थर धरते. शिशाने जे केले तेच, फक्त सावकाश.

तिसरा, कूलंट. हेड गॅस्केट गेले आणि कूलंट ज्वलनकक्षात झिरपले, तर त्यातली द्रव्येही तसाच थर धरतात.

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त का होते? कारण ती जास्त फिरवली जाते, धूर जास्त तापतो, आणि डबा लवकर तापावा म्हणून इंजिनाच्या अगदी जवळ बसवलेला असतो. माझदाची आरएक्स-८ पाहा. २००३ मध्ये आलेल्या या गाडीत पिस्टन नाहीत, त्रिकोणी रोटर आहेत. त्यांच्या टोकांच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून तिथे थोडे ऑइल मुद्दाम जाळले जाते. म्हणजे उत्प्रेरकाला जन्मापासूनच थोडे थोडे विष. त्यात तिच्या इग्निशन कॉइल दमतात. कॉइल दमली की मिसफायर, मिसफायरने कन्व्हर्टर वितळतो, वितळलेल्या डब्याने धुराचा रस्ता तुंबतो, तुंबलेल्या धुराची उष्णता उलट इंजिनाला भाजते. कंपनीने अमेरिकेत या रोटरी इंजिनाची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. कॉइल ही त्या मानाने स्वस्त वस्तू. साखळीतला सगळ्यात स्वस्त दुवा दुर्लक्षिला की सगळ्यात महाग दुवा तुटतो.

दुसरे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. टोयोटाची तिसऱ्या पिढीची एमआर-टू, १९९९ ते २००७ या काळातली. इंजिन आसनांच्या मागे, १.८ लिटरचे. मुख्य कन्व्हर्टरखेरीज दोन छोटे कन्व्हर्टर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, सिलिंडरपासून हातभर अंतरावर. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत असे दिसले, की हे छोटे ठोकळे चुरा होतात आणि इंजिन भरमसाट ऑइल खाते. आता कारण कोणते? एक पक्ष म्हणतो, ठोकळे आधी फुटले, इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात तेव्हा तो मातीचा भुगा मागे सिलिंडरमध्ये ओढला गेला, त्याने भिंती ओरबाडल्या, म्हणून ऑइल जळू लागले. दुसरा पक्ष म्हणतो, रिंगा आणि पिस्टनची ऑइल परतण्याची छिद्रे आधीच अपुरी होती, ऑइल आधी जळले, त्याने ठोकळे मेले.

इथे अन्वय-व्यतिरेक लावा. हेच इंजिन त्या कंपनीच्या साध्या घरगुती गाड्यांतही होते. त्या काळातल्या त्या गाड्याही ऑइल खाण्यासाठी ओळखल्या जातात, आणि तिथे आसनांमागचे इंजिन किंवा शर्यतीची हौस यांपैकी काही नव्हते. तेव्हा ऑइल जळायला ठोकळ्याचा भुगा लागतोच असे नाही. दुसऱ्या पक्षाची बाजू इथे जड होते. पण पहिला पक्ष खोटाही ठरत नाही. एकदा भुगा झाला की तो इंजिन खराब करू शकतो, खराब इंजिन आणखी ऑइल जाळते, त्याने आणखी भुगा होतो. याला आपले शास्त्रकार बीजांकुर न्याय म्हणत. बी आधी की अंकुर आधी?

आमचे म्हणणे असे, की तत्त्वज्ञाला आरंभ हवा असतो, पण गाडीवाल्याला फक्त चक्र तोडायचे असते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. चक्र तोडायला आरंभ सापडावाच लागतो असे नाही, पण जो दुवा दुरुस्त न करता पुढचा बदलला तर चक्र पुन्हा फिरेल, तो ओळखावा लागतो.

आता आपल्या पत्रलेखक मित्राला उत्तर. बाळा, तुझ्या गॅरेजवाल्याने कॉम्प्युटरवर पी ०४२० असा कोड पाहिला असेल. त्याचा अर्थ एवढाच, की उत्प्रेरकाची कार्यक्षमता कमी झाली. कोणामुळे, हे तो कोड सांगत नाही. तो प्रेताचा पंचनामा आहे, खुन्याचे नाव नव्हे. नवा कन्व्हर्टर वर्षभरात गेला, हाच व्यतिरेकाचा पुरावा आहे. डबा बदलूनही रोग राहिला, म्हणजे रोग डब्यात नव्हता.

तेव्हा क्रम उलटा कर. टाकी भरताना दर वेळी ऑइलची पातळी पाहून लिहून ठेव, हजार मैलांत किती जाते ते कळेल. प्लग आणि कॉइल तपासून घे. सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घे. कूलंट कमी होते का ते बघ. डबा तुंबला आहे का, हे धुराचा दाब मोजून कळते, तेही करून घे, कारण तुझ्या गाडीत दम नाही याचे तेही कारण असू शकते. मॅनिफोल्डमध्ये छोटे कन्व्हर्टर असतील, तर ते भुगा होत आहेत का ते पाहा. हे सगळे नीट झाल्याखेरीज तिसरा कन्व्हर्टर विकत घेऊ नकोस. आणि इंजिनाचे काम गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडत असेल, तर तसे स्वतःशी मान्य कर. हौसेला मर्यादा असते, तसे मान्य करण्यात कमीपणा नाही.

राहिला डबा फोडून रिकामा करण्याचा सल्ला. तिथे ते बेकायदा आहे आणि तपासणीत पकडले जाईल, हे तुला ठाऊक आहेच. पण आम्ही कायद्याचा धाक घालत नाही. साधे गणित करू. चांगला उत्प्रेरक ९० टक्क्यांहून अधिक दूषके नष्ट करतो. म्हणजे तो काढलेली एक गाडी दहा गाड्यांहून अधिक घाण सोडते. उरलेल्या नऊ कोणाच्या? त्या शेजाऱ्यांच्या श्वासात जमा होतात. ज्या शहराने १९४३ मध्ये एका कारखान्यावर बोट दाखवले, त्याच शहराने पुढे कबूल केले की आरोपी आपणच आहोत. त्या कबुलीवर हा डबा उभा आहे. तो फोडणे म्हणजे ती कबुली मागे घेणे.

आमच्या कुंभाराच्या गोष्टीत एक गाढव असते, आठवतंय? ते माती वाहून आणते, घडा घडण्याआधी ते नेहमी हजर असते, तरी त्याला घड्याचे कारण मानत नाहीत. हजर असणे वेगळे, जबाबदार असणे वेगळे. गाडी बिघडते तेव्हा कन्व्हर्टरही तिथे हजर असतो, कोडमध्ये त्याचेच नाव येते, आणि आपण त्याला फासावर देतो. चोर मात्र पुढे, चार इंचांवर, सिलिंडरमध्ये निवांत बसलेला असतो.

पुढच्या वेळी आपण उलट बाजू घेऊ. एकाच कार्याची अनेक कारणे खरी असतात, तेव्हा जबाबदारी कशी वाटायची, हा प्रश्न. तोवर पत्रे पाठवत राहा. यातून आमचाही अभ्यास होतो.